ठळक अक्षरे, बारीक अक्षरे

गेल्या महिन्यात इंदूरहून एका वाचकभगिनीचे पत्र आले. पत्रासोबत वर्तमानपत्रातील एक जाहिरात कापून जोडली होती. वर निळा समुद्र, खाली दिव्यांची रोषणाई, आणि मध्ये ठसठशीत मराठीत एक ओळ: ‘दिवसा समुद्र, रात्री स्वर्ग!’ आमंत्रण गोव्याचे होते; चार दिवस, तीन रात्री, माणशी अमुक रुपये. बाई लिहितात, “घरात वृद्ध सासूसासरे, शाळेत जाणारी मुलगी आणि महाविद्यालयात शिकणारा मुलगा, असे आम्ही सहा जण. नाताळच्या सुटीत जावे असा सर्वांचा आग्रह आहे. वरची ओळ मराठीत आहे, ती समजली. तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत काही लिहिले आहे, ते भिंगातूनही धड वाचता येत नाही. तुमचे काम भाषांतराचे. तेव्हा एवढे सांगाल का, की पैसे भरावेत की नाही?”

पत्र वाचून मला थोडी शरम वाटली, आणि तिचे कारण सांगणे भाग आहे. या मासिकात येण्यापूर्वी मी किरकोळ भाषांतरे करून चरितार्थ चालवीत असे. एका प्रवासी कंपनीचे असेच एक पत्रक मराठीत उतरविण्याचे काम माझ्याकडे आले होते. मथळा पाच वेळा बदलून घेण्यात आला. तळाच्या अटींविषयी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, “ते इंग्रजीतच राहू द्या, ते कोण वाचतो?” मीही ते राहू दिले. पुढे ते पत्रक कितीजणांच्या हाती पडले, आणि त्यांतील कितीजणांनी माझ्या मथळ्यावर विश्वास ठेवून पैसे भरले, हे मला कधीच कळणार नाही. म्हणून या वेळी मी भिंग घेऊन बसलो आणि बारीक अक्षरांचे भाषांतर आधी केले.

त्यात पाच वाक्ये होती. पहिले: चित्रे केवळ निदर्शक आहेत. दुसरे: समुद्राकडे तोंड असलेली खोली उपलब्धतेनुसार मिळेल. तिसरे: वरील दर सणासुदीच्या काळात लागू नाहीत. चौथे: रात्रीच्या कार्यक्रमास लहान मुलांना प्रवेश नाही, व त्याचे शुल्क निराळे. पाचवे: पूर्वसूचना न देता कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार कंपनीकडे राहील. आता ही पाच वाक्ये वरच्या ओळीशेजारी ठेवून वाचा. चित्रातला समुद्र खिडकीतून दिसेलच असे नाही; छापलेला दर नाताळात चालणार नाही; आणि ज्या रात्रीला स्वर्ग म्हटले आहे, तिच्या दारातून या घरची मुलगी परत पाठवली जाईल. मथळ्याने जे दिले, ते तळटीपेने एकेक करून काढून घेतले आहे. ‘समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर’ असे एक वाक्यही मध्ये आहे. पण कोणी चालायचे? विशीतल्या मुलाचे अंतर आणि पंचाहत्तरीच्या आजोबांचे अंतर एक नसते.

असे करणे नियमाला धरून आहे काय? नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत म्हटले आहे की, तळटीप ही दाव्याच्याच भाषेत असावी, तिचा टंकही दाव्याच्या टंकासारखाच असावा, आणि ती ठळक जागी दिसावी. दावा मराठीत आणि अट इंग्रजीत, हा व्यवहार येथेच बाद होतो. शिवाय तळटीप दाव्याचा खुलासा करू शकते, त्याच्या विरुद्ध बोलू शकत नाही. दिशाभूल सिद्ध झाल्यास 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीची वाट दाखविणारा राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक 1915 आहे. तो घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

जाहिरात ही काही आजची गोष्ट नव्हे. 1780 साली कलकत्त्यास निघालेल्या हिकीच्या पत्रातही जाहिराती होत्या. आकाशवाणीवर त्या 1 नोव्हेंबर 1967 रोजी विविध भारतीच्या मुंबई, पुणे व नागपूर केंद्रांवरून सुरू झाल्या, आणि दूरदर्शनवर 1 जानेवारी 1976 पासून. तथापि त्या काळच्या बहुतेक जाहिराती वस्तूंच्या होत्या. साबणाची वडी हुंगून पाहता येई, चहाची एक पुडी नेऊन चव घेता येई, आणि फसगत झालीच तर ती चार आण्यांची असे. पुढे जाहिरात वस्तूंवरून स्थळांकडे वळली. केरळने 1989 च्या सुमारास ‘गॉड्स ओन कंट्री’ हे घोषवाक्य घेतले. 2002 साली ‘इन्क्रेडिबल इंडिया’ ही मोहीम निघाली. या मोहिमांनी देशाचे सौंदर्य देशवासीयांनाही दाखविले, हे त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही. पण स्थळ हुंगून विकत घेता येत नाही. पैसे आधी आणि दर्शन मागाहून, असा हा सौदा आहे. म्हणून येथे शब्दाची जबाबदारी अधिक.

आता तर जाहिरात स्वतःला जाहिरात म्हणवूनही घेत नाही. एखादा हसतमुख तरुण भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येतो, हातात शहाळे घेऊन किनाऱ्यावरून चालतो आणि मित्राने मित्राला सांगावे तसे एका हॉटेलाचे नाव सांगतो. त्याचा मुक्काम कोणाच्या खर्चाने झाला, हे पाहणाऱ्यास ठाऊक नसते. 1985 साली स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये नियम केला की, असा मोबदला घेतला असेल तर चित्रफितीवर ‘जाहिरात’ असे स्पष्ट लिहावे. आपल्या मुलांना एवढेच शिकवावे की चित्रफीत पाहताना आधी तो शब्द शोधायचा. तो नसेल तर अधिक सावध राहायचे.

समुद्रकिनाऱ्याच्या जाहिरातीत हल्ली समुद्र कमी आणि रात्र अधिक का असते, याचे उत्तर व्यापाराच्या हिशेबात आहे. गोवा 1961 च्या डिसेंबरात मुक्त झाला. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण झाली. मोपाचा दुसरा विमानतळ 2023 च्या जानेवारीत प्रवाशांसाठी उघडला. येणाऱ्यांची वाट सोपी होत गेली, परंतु पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळी, ज्यांना तेथे शॅक म्हणतात, त्या उतरवाव्याच लागतात. वर्षाची मिळकत आठनऊ महिन्यांत, आणि तिचा मोठा भाग वर्षअखेरच्या पंधरवड्यात करावयाची असते. समुद्र पाहण्यास तिकीट नाही. खोली एका रात्रीस एकदाच विकली जाते. रात्र मात्र अनेकदा विकता येते: प्रवेशाचे पैसे वेगळे, खाण्याचे वेगळे, पिण्याचे वेगळे, संगीताचे वेगळे. म्हणून ठळक अक्षरे रात्रीला मिळतात.

‘नाइटलाइफ’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द कोणता, असे मला अनेकदा विचारण्यात येते. ‘रात्रीचे जीवन’ म्हटले तर कोशात बसते, पण कानाला पटत नाही. मला वाटते, आपल्या भाषेत त्यासाठी पूर्वीपासून दोन शब्द आहेत: जागर आणि रात्रपाळी. जो आनंदासाठी जागतो त्याचा जागर. जो दुसऱ्याच्या आनंदासाठी जागतो त्याची रात्रपाळी. जाहिरात पहिल्याचे चित्र छापते. दुसऱ्याला तर बारीक अक्षरांतही जागा नसते.

6 डिसेंबर 2025 च्या मध्यरात्रीच्या सुमारास उत्तर गोव्यातील हडफडे, म्हणजेच आर्पोरा, येथे एका नाइटक्लबला आग लागून 25 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत काही पर्यटक होते, पण बहुतेक तेथील कर्मचारी होते. झारखंड, आसाम, उत्तराखंड आणि नेपाळ येथून पोटासाठी आलेले. हे मासिक अनेक राज्यांत जाते. आपल्यापैकी कोणाचा मुलगा, भाचा अथवा शेजारचा तरुण आज अशाच एखाद्या स्वयंपाकघरात रात्रपाळी करीत असेल. तेव्हा बाहेर पडण्याच्या वाटा किती आणि त्या मोकळ्या आहेत काय, हा प्रश्न केवळ गिऱ्हाइकाचा नाही. कोणत्याही बंदिस्त जागेत शिरताच दुसरे दार कोठे आहे ते पाहून ठेवावे. दिसले नाही तर विचारावे. समाधानकारक उत्तर नसेल तर भरलेल्या पैशांचा मोह सोडून परत फिरावे. गिऱ्हाईक हे विचारू लागले म्हणजे मालकाला त्याचे उत्तर द्यावे लागेल, आणि त्याचा लाभ आत राबणाऱ्यालाही होईल.

त्या रात्रीला शेजारीही असतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास बंदी आहे. राज्य शासन सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण वर्षातून पंधरा दिवसांपेक्षा अधिक नाही. यास्तव ‘उघड्या किनाऱ्यावर पहाटेपर्यंत संगीत’ असे कोणी छापले, तर तो आपल्याला गावकऱ्यांची झोप विकतो आहे असे समजावे.

राहिला समुद्र. त्याच्याविषयीची बारीक अक्षरे तर जाहिरातीत नसतातच. ती वाळूवर रोवलेल्या निशाणांत असतात. गोव्याच्या किनाऱ्यांवर 2008 पासून जीवरक्षकांची व्यवस्था आहे. लाल-पिवळ्या निशाणांच्या मधला पट्टा पोहण्यासाठी. केवळ लाल निशाण असेल तर पाण्यात उतरायचे नाही. दोन बाजूंना लाटा फुटत असून मध्येच एखादा पट्टा शांत दिसला, तर तो सुरक्षित समजू नये. पुष्कळदा तेथूनच पाणी वेगाने समुद्राकडे परतत असते. त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झगडत न बसता किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर यावे आणि मदतीसाठी हात वर करावा. सूर्यास्तानंतर, किंवा मद्य घेतल्यावर, पाण्यात जाऊच नये. मुलाला हे घरीच सांगावे. तेथे गेल्यावर तो ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो.

या सगळ्याचा अर्थ ‘जाऊ नका’ असा कृपया घेऊ नये. त्या भगिनींना मी कळविले आहे की, या जाहिरातीचे पैसे भरू नयेत. प्रवास मात्र अवश्य करावा. डिसेंबराचे दोन आठवडे टाळून जानेवारीच्या मध्यावर मुलांना चार दिवसांची रजा मिळाली, तर गर्दी कमी, आणि दरही बहुधा उतरलेले असतील. हॉटेलास तीन प्रश्न लिहून पाठवावेत: त्या तारखांना एकूण किती पैसे, खोलीपासून वाळूपर्यंत किती मीटर, आणि रद्द केल्यास परतावा किती. उत्तरेही लेखीच मागवावीत. तोंडी शब्द तक्रारीच्या वेळी उपयोगी पडत नाही.

आणि रात्रच पाहावयाची असेल, तर एक रात्र पेडणे तालुक्यात अथवा पलीकडे सिंधुदुर्गात काढावी. दिवाळीनंतर तेथे गावोगावच्या जत्रांत दशावतार सुरू होतात. छापील संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद मात्र नट रंगभूमीवरच रचतात. पुरुष नटाची पैठणी नेसलेली राणी पाहून आजीबाई डोळे टिपतात, आणि संकासुर आला की पोरे किंचाळतात. देवळाच्या आवारात आजोबांपासून नातीपर्यंत सर्वांना जागा असते, आणि कोणत्या गावी कोणत्या रात्री जत्रा आहे हे स्टँडवरचा चहावाला सांगतो. मुलाला एखादी संध्याकाळ संगीताच्या ठिकाणी घालवावीशी वाटली, तर त्यालाही नाही म्हणू नये. दुसरे दार पाहून ठेव, एवढे सांगून पाठवावे.

परवा त्यांचे उत्तर आले. हॉटेलाकडून अंतराचे उत्तर आले आहे: साडेआठशे मीटर. सासऱ्यांनी ते ऐकून दुसरे हॉटेल शोधावयास सांगितले. भिंग आता दिवाणखान्यात वर्तमानपत्रांजवळ ठेवलेले असते, आणि जाहिराती तळापासून वर वाचण्याचे काम शाळकरी मुलीने आपणहून अंगावर घेतले आहे.