कार्टूनमधला बिनचेहऱ्याचा मजूर

पोरांचं कार्टून म्हणजे निरागस करमणूक, त्यात जात-वर्ण कशाला उकरता, असं शहाणी माणसं आम्हाला सांगतात. सांगणाऱ्यांची आडनावं तेवढी बघून ठेवा. ज्यांचे चेहरे पडद्यावर कायम नीट काढलेले असतात त्यांना निरागसपणा परवडतो. मी दहावी पास गोदी कामगार, कविता लिहितो. मला नाय परवडत.

दोस्तांनो, आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कॅमेऱ्याने काढलेल्या सिनेमात चुकून काहीतरी शिरतं. मागून कुत्रं जातं, आभाळ भरून येतं. हाताने काढलेल्या कार्टूनमध्ये चुकून काही येत नाही. सेकंदाला २४ चौकटी, आणि रेघन् रेघ कुणीतरी पगार घेऊन काढलेली. तिथे ज्याला नाक आहे, त्याला ते कुणीतरी दिलेलं असतं. ज्याला नाही, त्याला ते कुणीतरी नाकारलेलं असतं.

आता डिस्नेचा 'डम्बो' बघा. साल १९४१. मोठ्या कानांचं हत्तीचं पिल्लू, सगळे त्याला हसतात, आपल्या पोरांच्या डोळ्यांत पाणी येतं. त्याच पिक्चरमध्ये रात्री, भर पावसात, सर्कशीचा तंबू उभा राहतो. उभा कोण करतं? काळे मजूर. मेखा ठोकतात, दोर ओढतात आणि गातात. गाण्याचा मतलब काय, तर आम्ही लिहायला-वाचायला शिकलो नाही, मरेस्तोवर राबतो, तरी खुशीत असतो, आणि पगार मिळाला की उधळून टाकतो. ह्या मजुरांना तोंडच नाही. डोळे नाहीत, नाक नाही, ओठ नाहीत. त्याच सर्कशीतल्या उंदराला डोक्यावर टोपी आहे, अंगात कोट आहे. आगगाडीच्या इंजिनालासुद्धा चेहरा आहे. माणसाला तेवढा नाही!

मी दोर ओढणारा माणूस आहे. दोर ओढताना कुणी खुशीचं गाणं म्हणत नाही. हैसा म्हणतात ते सगळ्यांचा जोर एकदम लागावा म्हणून. आणि पगार उधळायचा तर आधी तो वेळेवर हातात पडावा लागतो.

बरं, हे काढणारे हात कुणाचे? तेही कामगारच. युनियनचं काम केलं म्हणून आर्ट बॅबिट आणि त्याच्या साथीदारांना डिस्नेने कामावरून काढलं, आणि २९ मे १९४१ ला, ह्याच पिक्चरचं काम चालू असताना, तिथल्या चित्रकारांनी संप केला. ऑक्टोबरात पिक्चर आला. त्यात साहेबाकडे पगारवाढ मागायला निघालेले विदूषक आहेत. ती संपकऱ्यांची टवाळी होती असं अनेक जण मानतात. म्हणजे हिशोब बघा. गोरा कामगार वाढ मागतो म्हणून तो जोकर. काळा कामगार काहीच मागत नाही म्हणून तो खुशीत. दोन्हीकडून फायदा मालकाचा.

डम्बोला उडायला बळ देतात ते कावळे. भली माणसं. पण त्यांच्या म्होरक्याचं नाव चित्रकारांच्या कागदांवर 'जिम क्रो'. काळ्यांची शाळा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा, बसमधली जागा वेगळी करणाऱ्या अमेरिकन कायद्यांचं हेच नाव. एखाद्या पात्राचं नाव आपल्याकडे 'विटाळ' ठेवावं तसं हे. आणि त्या कावळ्याला आवाज कुणाचा? क्लिफ एडवर्ड्सचा, गोऱ्या नटाचा.

'टॉम अँड जेरी' तर चाळीचाळीत पाठ आहे. १९४० पासून त्यात एक काळी मोलकरीण दिसायची. दिसायची म्हणजे काय, तर पाय, ॲप्रन आणि हातातला झाडू. तोंड बहुधा चौकटीच्या वर. लोकांनी आक्षेप घेतले, १९५२ नंतर ती आली नाही. पुढे साठच्या दशकात टीव्हीसाठी जुन्या फिल्मा दुरुस्त केल्या. दुरुस्ती काय? तिच्या जागी गोरी बाई काढली! 'फँटेशिया'त, १९४० साली, गोऱ्या घोडस्त्रीचे खूर पुसणारी एक काळी पोर होती. १९६९ साली पिक्चर पुन्हा लावताना तिला कापून टाकली. ह्यांची सुधारणा ही अशी. अपमान झाला म्हणून ओरड झाली की अपमान झालेल्या माणसालाच हाकलायचं. तिला चेहरा द्यावा, नाव द्यावं, झाडू खाली ठेवायला लावावा, हे सुचत नाही.

हे जुनं झालं म्हणता? मग १९९४ चा 'द लायन किंग' घ्या. राजा आपल्या पोराला डोंगरावरून मुलूख दाखवतो. उजेड पडतो तेवढं सगळं आपलं. पलीकडे अंधार आहे, तिकडे पाऊल टाकायचं नाही. अंधारात कोण राहतं? तरस. कुठे राहतात? मेलेल्या हत्तींच्या हाडांत. आपल्या आज्यांनी ओढलेली मेलेली ढोरं आठवा. हे गावकूस आहे, आणि ती हाडकी आहे! तरसांचा गुन्हा काय, तर भूक. ते उजेडात आले की पाऊस आटतो, गवत जळतं. ते हटले आणि राजाचा पोर गादीवर आला की लगेच हिरवळ. विटाळाची ही अख्खी पोथी पोरं पॉपकॉर्न खात शिकतात. मुफासाचा आवाजही काळ्या माणसाचा, जेम्स अर्ल जोन्सचा, असं कुणी म्हणेल. कबूल. पण त्याला भाषा राजाची दिली. हूपी गोल्डबर्ग आणि चीच मरीन ह्यांच्या तरसांना भाषा गल्लीची. तिसऱ्याला तर भाषाच नाही, तो नुसता हसतो.

अमेरिकेला शिव्या घालून आपलं घर सुटत नाही. २००८ पासून आपली पोरं 'छोटा भीम' बघतात. ढोलकपुरात राजा आहे, लाडू आहेत. दांडगट पोराचं नाव मात्र 'कालिया'. आणि ह्या गावातलं मेलेलं ढोर कोण ओढतं, गटार कोण काढतं, त्याची वस्ती कुठल्या अंगाला आहे? काढलेलीच नाही. इथे तर बिनचेहऱ्याचा मजूरसुद्धा ठेवला नाही.

२०२० साली डिस्नेने डिस्ने प्लसवर 'डम्बो'च्या आधी पाटी लावली, ह्यात काही लोकांचं चित्रण चुकीचं आहे म्हणून. ठीक. पण पाटी वाचतो बाप. पोर पाटी वाचत नाही, पोर बघतं.

आम्ही काय करायचं? टीव्ही फोडायचा नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचं नाव घेऊन. म्हणजे त्या तंबूवाल्यांशी आपलं नातं जुनं आहे. पोरांना बघू द्या, पण शेजारी बसा. तंबूच्या सीनला पिक्चर थांबवा. विचारा, ह्याचं नाव काय असेल? घरी कोण असेल? पावसात काम करून ह्याला किती मिळाले असतील? मग वही-पेन्सिल द्या आणि त्याचं तोंड काढायला लावा. विहारात, अभ्यासिकेत, दर रविवारी. आणि आपल्यातले जे बोर्ड आणि बॅनर रंगवतात त्यांनी तरसांच्या बाजूने एक गोष्ट काढावी. हाडकीतून बघितलं तर तो राजा कसा दिसतो, हे पोरांना कळू द्या.

तोंड काढलंत तर तो मजूर तोंड उघडेल. उघडलं की पहिल्यांदा पगार मागेल.