स्वस्ताईचे मोल कोण देतो?

दिवाळीची खरेदी सुरू झाली की ‘केवढ्याला घेतले?’ हा प्रश्न घरोघर ऐकू येतो. ते कोणाच्या हातून घडले आणि त्या हातांत काय पडले, हे सहसा कोणी विचारीत नाही. या प्रश्नाचा ध्यास घेणारी एक परंपरा ख्रिस्ती धर्मनिष्ठांत आहे. सद्विचार कोणत्याही अंगणातला असो, तो आदराने वेचावा, अशी आमची धारणा असल्याने आज तिचेच निरूपण करितो.

नव्या करारातील याकोबाच्या पत्रात, कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच आक्रोश करते आणि तो परमेश्वराच्या कानी जातो, असा आशय आहे. हा इशारा धन्याला झाला. पण त्या धान्याची भाकरी खाणाऱ्याचे काय? न्यू जर्सीचा शिंपी जॉन वूलमन (१७२०-१७७२) याने त्याचे उत्तर आचरणाने दिले. क्वेकर पंथाच्या या सत्पुरुषाने गुलामांच्या श्रमांची साखर वर्ज्य केली.

१७९१ साली लंडनच्या विल्यम फॉक्स याने पत्रक काढून हिशेबच मांडला: आठवड्यास ५ पौंड साखर लागणाऱ्या कुटुंबाने ती २१ महिने सोडली, तर एका मनुष्याची गुलामगिरी वा हत्या टळेल. सुमारे ३ लाख लोकांनी ती साखर सोडल्याचा अंदाज थॉमस क्लार्कसन याने नोंदविला. पुढे एलिझाबेथ हेरिक या बाईंनी लेस्टर गावात दारोदार फिरून हाच आग्रह धरला. मताचा अधिकार नसलेल्या गृहिणींनी स्वयंपाकघरातून न्यायाची बाजू घेतली. गुलामगिरी रद्द करणारा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ मध्ये केला.

आता गुलामांचा बाजार भरत नाही. पण २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११३४ जीव गेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले असूनही कपडे शिवणाऱ्यांना कामावर बोलाविले होते. आठवड्याभरात, १ मे रोजी, पोप फ्रान्सिस यांनी तेथील महिना ३८ युरोंच्या मजुरीला गुलामगिरीच म्हटले.

‘आम्ही घेतले नाही, तर त्या गरिबांचा रोजगार जाईल’, असा आक्षेप येतो. तो खोटा नव्हे. म्हणूनच केवळ त्याग पुरेसा नाही, जाब विचारणेही हवे. त्या दुर्घटनेनंतर लोकक्षोभ उसळला, तेव्हा अनेक परदेशी कंपन्यांनी कारखान्यांच्या सुरक्षिततेचा बंधनकारक करार केला; तपासण्या झाल्या, दुरुस्त्या झाल्या.

ज्या माउलीला लेकराचे वर्षाचे एकच वस्त्र मोठ्या कष्टाने जमवावे लागते, तिला आम्ही बोल लावणार नाही. प्रश्न आहे तो ज्यांना निवड करता येते त्यांचा. यमांत अस्तेय सांगितले आहे. दुसऱ्याच्या घामाचे मोल बुडवून मिळालेली सूट त्या कसोटीवर उतरते काय? यंदा दोन वस्त्रांऐवजी एक घ्यावे, दुकानदारास माल कोठला हे विचारावे आणि दुकानात छापील किंमत मुकाट्याने देणाऱ्यांनी पणत्या विकणाऱ्या कुंभारणीशी घासाघीस करू नये. एवढे व्रत कोणत्याही गृहस्थाला झेपेल.