देवळं बघा, पण पाणी पिऊन

मैत्रिणींनो, मुलांच्या परीक्षा आटोपल्या की महिला मंडळांच्या, भिशीच्या सहली निघतात. देवदर्शनही होतं आणि चार दिवस चुलीपासून सुटकाही. नांदेडहून निघणार असाल तर एक रस्ता सुचवते. देगलूरजवळचं होट्टल, तिथून मुखेड, उदगीर, निलंगा आणि मुक्कामाला लातूर. होट्टलचं सिद्धेश्वराचं देऊळ चालुक्यांच्या काळातलं. मुखेडच्या महादेवाच्या देवळावर मातृकांच्या मूर्ती आहेत. निलंग्याच्या नीळकंठेश्वराला एक नाही, तीन गाभारे! बाहेरच्या भिंतींवरच्या सुरसुंदरी बघाल तर दागिने कसे घालावेत ते आपण त्यांच्याकडूनच शिकावं असं वाटेल. लोक मात्र गाभाऱ्यात हात जोडून लगेच बसकडे पळतात. देवळाला बाहेरून एक फेरी मारल्याशिवाय निघू नका.

आता मुद्द्याचं. हा मुलूख वाळवंट नव्हे, पण एप्रिलात फारसा फरक राहत नाही. काळी रानं भेगाळलेली, मैलोन् मैल सावली नाही, बसचा पत्रा तापलेला. अशा वेळी आपण बायका काय करतो? पाणीच पीत नाही! घोटभर पिऊन बाटली परत पिशवीत. कारण तुम्हालाही ठाऊक आहे. वाटेत ‘जायची’ सोय नाही, आणि बस थांबवा असं ड्रायव्हरला सांगायचं कुणी? पुरुष मंडळी कुठेही उतरतात. आपण मात्र पाच-पाच तास पोट आवळून बसतो. मग संध्याकाळी डोकं ठणकतं, चक्कर येते, आणि घरी आल्यावर लघवीला जळजळ सुरू होते. ‘ऊन बाधलं’ म्हणून आपण ते सोडून देतो. ऊन बाधतंच, पण पाणी न पिणं आणि लघवी तुंबवून ठेवणं ही दुखण्याची मोठी कारणं असतात. गरोदर असाल किंवा साखरेचा आजार असेल तर हे अंगावर काढूच नका, डॉक्टरांना दाखवा.

तेव्हा सहलीचे पैसे भरण्याआधीच विचारा, बस कुठे कुठे थांबणार? दर दोन तासांनी थांबा हवा, आणि तो बायकांच्या सोयीचा हवा. डिझेल भरायचा पंपसुद्धा स्वच्छतागृह बघूनच ठरवा. हे सांगायचं काम एकटीवर टाकू नका. चौघीजणी मिळून सांगा, म्हणजे कुणाला ‘नखरे’ म्हणायची सोय राहत नाही.

बरोबर काय न्याल? फिरकीचा तांब्या माळ्यावर असेल तर काढाच. बाटली असेल तर तिला ओलं सुती फडकं गुंडाळा. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे फडकं भराभर वाळतं आणि पाणी गार राहतं. (कोकणातल्या दमट हवेत ही युक्ती इतकी चालत नाही बरं का!) एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, अंदाजपंचे नको. जुलाब-उलटी झाली तर हे घोट घोट द्या. खायला दुधात भिजवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. ओल्या नारळाची चटणी, दहीभात या उन्हात नेऊ नका, दुपारपर्यंत आंबतील.

जुन्या देवळांजवळ पुष्कळदा बारव दिसते. बांधणाऱ्यांनी देवाबरोबर पाण्याचाही विचार केला होता. आणि त्याच लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत दहा टाक्या होत्या, सुमारे पाच लाख लिटर. तिथल्या बायकांनी तेव्हा घागरी कशा भरल्या असतील याची कल्पना करा, आणि मुक्कामाच्या ठिकाणी नळ उघडा टाकू नका.

दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर औसा तालुक्यातल्या खरोशाच्या लेण्यांना जा. टेकडीवर आहेत, चढावं लागतं, म्हणून ऊन व्हायच्या आत, सकाळीच. आणि निघण्यापूर्वी दोन भांडी पाणी पिऊन घ्या.