तिची मराठी 'क्यूट' नाहीये

मी पुण्याचा, बायको अकोल्याची. लग्नाला तीन वर्षं झाली. परवा ती बेडरूममध्ये आईशी फोनवर बोलत होती, "मी आत्ताच आली, भाजी करून राहिली." फोन ठेवून बाहेर आली आणि मला म्हणाली, "आत्ताच आले, भाजी करतेय."

बाई तीच, वाक्य तेच. मधे फक्त एक दार. ते दार मी बसवलंय.

ऑफिसात मी कोड रिव्ह्यू करतो. लग्नानंतर बायकोची वाक्यंही करायला लागलो. 'मी आली' नाही, 'मी आले'. 'मले' नाही, 'मला'. मग मित्र जमले की फर्माईश: "बोल ना जरा वऱ्हाडी, क्यूट वाटतं." ती बोलायची. आम्ही हसायचो.

"प्रेमानेच म्हणतो ना, त्यात काय एवढं?" असं म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांशीच मला भांडायचंय.

पहिली गोष्ट, ती चुकत नव्हती. 'करून राहिली' हे वऱ्हाडीचं चालू क्रिया सांगणारं रूप आहे, आपल्या 'करतेय'सारखंच. त्यावर हिंदीची छाप आहे म्हणता? असेल. १९५६ पर्यंत विदर्भ हिंदी मुलखासोबत एकाच राज्यात होता. आणि आपण 'कॉल जॉइन करून अपडेट देतो' म्हणतो तेव्हा मराठी बाटत नाही का?

लीळाचरित्र तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला लिहिलं गेलं. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा त्याचं नाव आपण छाती फुगवून घेतलं. २०१६ मध्ये 'सैराट'मधल्या आर्चीच्या बोलण्यावर फिदा झालो. म्हणजे बोली ग्रंथात चालते, पडद्यावर चालते. फक्त आपल्या डायनिंग टेबलावर चालत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. आमच्या भांडणात ती मधेच थांबायची, शब्द शोधायची. मी सलग बोलत राहायचो आणि जिंकायचो. मला वाटायचं, माझे मुद्दे चांगले आहेत. मुद्दे नव्हते, घरचं मैदान होतं. माझ्याशी भांडायलाही तिला आधी माझ्या मराठीत यावं लागत होतं. तीन वर्षांत मी तिच्या मराठीकडे एक पाऊलही टाकलं नव्हतं. याला आपण 'संसारात जुळवून घेणं' म्हणतो, आणि ते कायम एकच माणूस करतं.

आता मी सुधारणं बंद केलंय. 'तू तुझ्या भाषेतच बोल' असं फर्मानही काढलेलं नाही. तोसुद्धा रिव्ह्यूच झाला असता. गेल्या आठवड्यात भांडताना ती न थांबता म्हणाली, "तू माह्यं कधी आयकतच नाही!"

खरं होतं. मला उत्तर सुचलं नाही.

तुमचा पार्टनर आईशी एका मराठीत आणि तुमच्याशी दुसऱ्या मराठीत बोलत असेल, तर त्याला क्यूट म्हणण्याआधी आठवून बघा: तुम्ही त्याला शेवटचं कधी सुधारलंत?