पिस्तुलाचा साजशृंगार

अमेरिकेत गेल्या काही वर्षांत एक नवाच षोक बोकाळला आहे. त्याचे तेथील नाव ‘एव्हरीडे कॅरी’, म्हणजे घराबाहेर पडताना रोज अंगावर बाळगावयाचा सरंजाम. ह्या सरंजामात घडीचा चाकू असतो, मुठीत मावणारी विजेरी असते, टायटॅनियमची लेखणी असते, आणि पुष्कळांच्या बाबतीत ह्या सर्व परिवाराच्या मध्यभागी, पंचायतनातील मुख्य देवतेप्रमाणे, भरलेले पिस्तूल असते. मग त्या पिस्तुलाचे अलंकार आले: कमरपट्ट्याच्या आत बसणारे घडीव म्यान, नळीखाली लावावयाचा दिवा, नेमासाठी लाल ठिपका दाखविणारी काच, हलका करून घेतलेला चाप. हे सर्व एका फळीवर नीट मांडून त्याचे छायाचित्र काढावयाचे व समानधर्मी मंडळींस दाखवावयाचे, हा ह्या संप्रदायाचा नित्यनेम होय. आमच्या कित्येक वाचकांची मुले-नातवंडे त्याच देशात संसार थाटून आहेत. तेव्हा ही चर्चा मराठी मासिकात कशासाठी, असे कोणी विचारू नये.

आमचा आक्षेप शस्त्रावर नाही, हे प्रथमच सांगितलेले बरे. एरवी ‘पुस्तकी प्रोफेसरास बंदुकीचे काय कळते’ हे उत्तर तयारच असते. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हा देश निःशस्त्र केला, तो अपमान आमच्या वडीलधाऱ्यांस झोंबला होता, आणि १८८७ साली मद्रासच्या राष्ट्रीय सभेने त्या कायद्याबाबत ठरावही केला होता. शस्त्र बाळगू न देणे म्हणजे माणसास माणूस न समजणे, हे आम्हांस अमेरिकनांनी शिकवावयास नको. खुद्द अमेरिकेत आयडा बी. वेल्स ह्या कृष्णवर्णीय विदुषीने १८९२ साली, झुंडी निरपराध माणसांस फासावर लटकावीत होत्या त्या काळात, प्रत्येक कृष्णवर्णीय घरात विंचेस्टर रायफलीस मानाची जागा असावी असे लिहून ठेवले. ह्या उपदेशात आम्हांस काडीइतकाही दोष दिसत नाही. पण त्या बाईंच्या दाराशी खराखुरा शत्रू उभा होता. रायफलीच्या दस्त्यास कोणता रंग शोभेल, ह्याची विवंचना त्यांना पडली नव्हती.

षोकाचा धर्मच असा की तो वस्तूचा हेतू विसरावयास लावतो. टपालाची तिकिटे जमविणारास पत्राची आठवण राहत नाही, व त्यात कोणाचेच बिघडत नाही. पिस्तुलाचे तसे नाही. समोरच्या मनुष्याच्या देहात गोळी घालणे ह्यासाठी ते घडविलेले आहे, आणि ह्याचे स्मरण ज्याच्या मनातून क्षणभरही ढळत नाही त्यालाच आम्ही ते बाळगण्यास योग्य समजू. दुकानदारास मात्र हे स्मरण परवडण्यासारखे नाही. भीतीने पिस्तूल घेणारा गृहस्थ एक घेतो आणि थांबतो. षोकाने घेणाऱ्याची खरेदी कधीच संपत नाही. म्हणून भीती विझू द्यावयाची नाही, परंतु तिला अशी गोड करावयाची की गिऱ्हाईक तिची चव घेत बसेल! ह्या गोडीचा परिणाम काय होतो तो पाहा. २०२३ साली अमेरिकेतील विमानतळांवरच्या तपासनीसांना प्रवाशांच्या हातसामानात ६,७३७ बंदुका-पिस्तुले सापडली, व त्यांपैकी शेकडा सुमारे ९३ भरलेली होती. पकडल्या गेलेल्यांची नेहमीची सबब एकच: पिशवीत आहे हे विसरलो. सदैव सावध राहण्यासाठी जे जवळ बाळगावयाचे, त्याचाच विसर!

कोणी म्हणेल, “दिवा, म्यान, दस्ता ह्यांनी कोण मरतो? ही तर निव्वळ हौस.” ‘बंप स्टॉक’ नावाचे जोडसामानही असेच हौसेच्या सदरात विकले जात होते. गोळीच्या धक्क्याने बंदूक ह्या दस्त्यात मागेपुढे सरकते, बोट स्थिर राहते व चाप त्याच्यावर पुनःपुन्हा येऊन आदळतो. एकेक गोळी झाडणारी बंदूक यंत्रबंदुकीसारखी चालू लागते. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगास येथे एका मनुष्याने हॉटेलच्या ३२ व्या मजल्यावरून संगीताच्या मेळाव्यावर सुमारे दहा मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या झाडल्या, त्या ह्याच जोडसामानाच्या साह्याने. त्या रात्री ५८ माणसे मेली, व पुढे जखमांनी आणखी दोन. सरकारने नियम करून ही वस्तू बंद केली. परंतु १४ जून २०२४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो नियम रद्द केला. कारण १९३४ च्या कायद्याप्रमाणे चापाच्या एका क्रियेत अनेक गोळ्या सुटल्या तरच ती यंत्रबंदूक, आणि येथे तर प्रत्येक गोळीस चाप निराळा हलतो! व्याकरण न्यायमूर्तींचे बरोबर असेल. बंदूक कायद्याच्या कक्षेत येते व तिचा अलंकार निसटतो, ही सोय मात्र व्यापाऱ्यांच्या चांगली ध्यानात आलेली आहे.

सायलेन्सरच्या बाबतीत षोकीनांची बाजू अगदीच लंगडी नाही. तो बंदुकीस मुकी करतो ही समजूत चित्रपटांनी पसरविलेली आहे. प्रत्यक्षात आवाज कमी होतो इतकेच, आणि नेमबाजाचे कान वाचतात. हायरम पर्सी मॅक्सिमने १९०९ साली त्याचे पेटंट मिळविले. १९३४ च्या कायद्याने त्यावर दोनशे डॉलर कर बसविला होता, तो १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला; नोंदणी तेवढी राहिली. कानांची ही काळजी आम्ही समजू शकतो. परंतु २०२१ साली त्या देशात बंदुकीने जी ४८,८३० माणसे मृत्यू पावली, त्यांपैकी २६,३२८ जणांनी स्वतःवरच गोळी झाडून घेतली होती. म्हणजे ज्या परक्या हल्लेखोरासाठी हा सारा शृंगार, त्याच्या हातून मेलेल्यांपेक्षा आपल्याच घरातल्या पिस्तुलाकडे निराशेच्या घटकेस हात गेलेल्यांची संख्या मोठी आहे. त्या घटकेस उपयोगी पडणारे जोडसामान दुकानात नाही असे नाही. भक्कम कुलूप, किल्लीची पेटी, चापास अडकविण्याचा खिळा, सर्व काही मिळते. २००५ च्या कायद्यापासून तर परवानेवाल्या दुकानदाराने पिस्तुलाबरोबर असे एखादे साधन दिलेच पाहिजे असा नियम आहे. खिशात रक्तस्राव थांबविण्याचा पट्टा बाळगणारे काही शहाणे गृहस्थ ह्या मंडळीत आहेत, त्यांस आमचा नमस्कार असो. बाकीच्यांस आम्ही इतकेच विचारतो की, फळीवर मांडलेल्या तुमच्या त्या सुबक सरंजामात पिस्तुलाबरोबर फुकट आलेले ते कुलूप कोठे आहे, आणि तुम्ही हे छायाचित्र काढीत असता घरातली मुले कोणत्या खोलीत होती?