नर्गिसची आई

नर्गिसला सगळे ओळखतात, पण तिच्या आईला? बनारसमध्ये जन्मलेल्या जद्दनबाई गाणाऱ्या तवायफांच्या घरातल्या. त्यांचे गुरू होते ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातले भैय्यासाहेब गणपतराव. मैफली आणि रेकॉर्ड गाजवून त्या १९३३ मध्ये ‘राजा गोपीचंद’मधून पडद्यावर आल्या.

त्या काळी तवायफेच्या गाण्याला दाद मिळे, तिला मान मिळत नसे. जद्दनबाईंनी मात्र मुंबईत स्वतःची फिल्म कंपनीच काढली! १९३५च्या ‘तलाश-ए-हक’मध्ये अभिनय त्यांचा, संगीतही त्यांचंच. त्यातच छोटी नर्गिस ‘बेबी राणी’ नावाने झळकली. पुढच्याच वर्षी ‘मॅडम फॅशन’चं दिग्दर्शनही त्यांनी केलं.

आता कधी ‘मदर इंडिया’ पाहाल, तेव्हा त्या आईमागची ही आईही आठवा.