देवक बघता, मग डोळे का नाही?

लग्न ठरवताना आमच्याकडे आधी देवक विचारतात. देवक एक निघालं की विषय तिथंच संपतो, पोरगा कितीही शिकलेला असो. खिल्लार गाय दाखवायची तर वळूची आई कुणाच्या गोठ्यातली, इथपर्यंत चौकशी होते. पण त्याच उंब्रजमध्ये लॅब्रडॉरची मादी माजावर आली, की पलीकडच्या गल्लीतला नर आणतात. तो तिचा सख्खा भाऊ असला तरी कुणाला काही वाटत नाही. मग महिन्याभराची पिल्लं व्हॉट्सॲप स्टेटसवर झळकतात: 'प्युअर ब्रीड, पेपर अव्हेलेबल.'

मला त्या पेपरबद्दलच बोलायचंय. त्यावर बाप, आजोबा, पणजोबा सगळे असतात. डोळ्यांबद्दल चकार शब्द नसतो.

लॅब्रडॉर, कॉकर स्पॅनियल, पूडल या जातींत पीआरए नावाचा आनुवंशिक आजार आहे. डोळ्यामागचा पडदा हळूहळू झिजतो. आधी अंधारात बघणाऱ्या पेशी मरतात, म्हणजे रातांधळेपणा येतो. मग उजेडातल्या पेशी जातात आणि कुत्रा ठार आंधळा होतो. दुखत काहीच नाही, त्यामुळे कळतही नाही. माझ्या मित्राचा लॅब्रडॉर पाचव्या वर्षी दिवेलागणीनंतर पायरीपाशी थबकायला लागला. घरचे म्हणाले, आळशी झालाय. रात्री त्याचे डोळे जास्तच चमकायचे, त्याचं सगळ्यांना कौतुक. पडदा विरळ झाला की मागचा चकाकता थर अधिक उजळ दिसतो, त्याची ती चमक होती. तोवर तीन माद्यांना त्याच्यापासून पिल्लं झाली होती.

खरी गोम इथं आहे. आजार दिसायच्या आत पैदास उरकलेली असते. त्यामुळे 'आईबाप बघा, किती तब्येतीचे आहेत' या वाक्याला शून्य किंमत आहे.

मी कोड लिहून पोट भरतो. एका अक्षराच्या चुकीनं काय होतं ते मला कुणी सांगायला नको. या आजाराच्या सर्वांत पसरलेल्या प्रकारातही डीएनएमधलं एकच अक्षर बदललेलं असतं. 2006 साली ते नेमकं सापडलं. दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच कुत्रा आंधळा होतो. एकाकडूनच आला तर तो आयुष्यभर नीट बघतो, फक्त दोष पुढे वाहून नेतो. असे दोन वाहक एकत्र आले की प्रत्येक पिल्लामागे आजाराची शक्यता 25 टक्के. भावाबहिणींची जोडी लावणं म्हणजे तोच दोष समोरासमोर आणून बसवणं.

'मग वाहक कुत्रे फेकून द्यायचे का?' अजिबात नाही. वाहकाची जोडी निर्दोष कुत्र्याशी लावली तर या प्रकारानं एकही पिल्लू आंधळं होत नाही. फक्त कोण वाहक आहे ते माहीत हवं. त्यासाठी गालाच्या आतून एक काडी फिरवायची आणि नमुना लॅबला पाठवायचा. आयुष्यात एकदाच.

'हे श्रीमंतांचे चोचले,' असंही ऐकवतात. एकेक पिल्लू हजारोंनी विकणाऱ्यानं गरिबीचं कारण सांगू नये. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरला नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आपल्या स्टेटसवरच्या किती जणांना हे माहीत आहे?

माणूस कुत्र्याचं किती देणं लागतो, तेही ऐका. ब्रिआर्ड जातीच्या वंशातली, जन्मापासून जवळपास आंधळी असलेली काही पिल्लं अमेरिकेत जनुकीय उपचारांनी बघू लागली. त्यावरचा शोधनिबंध 2001 साली आला. त्यांच्यातला लॅन्सलॉट जगभर गाजला. त्याच वाटेनं डिसेंबर 2017 मध्ये माणसांच्या एका आनुवंशिक अंधत्वावर लक्सटर्ना हे औषध मंजूर झालं. कुत्र्यांमुळे माणसांच्या लेकरांना दिसायला लागलं, आणि आपल्याला त्यांच्या गालात एक काडी फिरवायचा कंटाळा.

आपल्याच जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पैदाशीच्या कुत्र्यांसाठी वर्षातून एक नेत्रतपासणी शिबिर तिथं भरावं, ही मागणी काही अवाजवी नाही. पण त्याची वाट बघत बसायचीही गरज नाही. बाजार गिऱ्हाइकाच्या प्रश्नानं बदलतो. पुढच्या वेळी पिल्लाचा रेट विचारण्याआधी आईबापाचा डोळ्यांचा रिपोर्ट मागा. समोरचा हसला, तर फोन ठेवा.